ज्ञानूला अ श्रेणी

...आणि वर मलाच विचारायचे हो, "दीपमालाबाई, विस्तार का होत नाही?" विस्तार! जसा काही विस्तार माझ्या पिशवीत आहे आणि मीच वरून हात दाबून धरलाय! अहो, सांगली आणि सातारा असे दोन अख्खे जिल्हे, एक लुना, ती पण चढाला उतरून ढकलावी लागणारी, आणि एक मी! तुम्हाला सांगते, ज्यानं ही योजना काढली ना, त्याला एकदा आटपाडीच्या उन्हात पाळणाघरं हिंडायला लावायला पाहिजे, मग कळेल त्याला विस्तार कशाला म्हणतात...

योजना काय? तर पाळणाघरांना श्रेणी द्यायची. अ, ब, क, ड. पाणी झाकलेलं आहे का, पोरांची नखं कापलेली आहेत का, खेळणी आहेत का, पाळणे मजबूत आहेत का, असं सगळं बघायचं आणि गुण द्यायचे. आमची संस्था पुण्याची. साल त्र्याण्णव. नवीन साहेब, नवीन योजना, आणि तिच्यात भाग घेणं ऐच्छिक! म्हणजे काय, तर बायकांची इच्छा नसेल तर ती मी निर्माण करायची.

आणि इच्छा कुणाला असणार? कोरेगावची मुक्ताबाई, चांगली बाई, मार्केट यार्डाच्या मागं हमाल बायकांची पोरं सांभाळते. तिला म्हटलं, मुक्ताबाई, योजनेत या, श्रेणी मिळेल. तर म्हणते, "आवं ताई, चौथीला नापास झाले तवा बानं शाळा सोडवली. आता पोरं सांभाळण्यातबी नापास करताय व्हय मला? आणि मग काय सोडवणार?"  मी चहा प्यायले आणि निघाले. सगळीकडं हेच. चहा मिळायचा, लय चांगला मिळायचा, पण भाग कुणी घेत नव्हतं.

एकटी तयार झाली ती माधवनगरची बनुबाई. आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मी भूत मानत नाही. आमच्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आमचे हे, प्रबुद्ध, हायस्कूलला विज्ञान शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव अंधश्रद्धेवर भाषणं करतात, माईक नसला तरी चालतं एवढा आवाज. ज्या घरात देवाला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही तिथं भुताला कोण पाट मांडणार? तेव्हा भूतबित आपल्याकडं काही नाही. हे ध्यानात ठेवा आणि मग पुढचं ऐका.

तर बनुबाई. माधवनगरला एका सूतगिरणीच्या मागं एक लांबट खोली, वर पत्रा, त्यात ओळीनं पाळणे टांगलेले. गिरणीत सुताच्या कांड्या भरायला येणाऱ्या बायका सकाळी पोरं टाकून जातात, पाळी सुटली की घेऊन जातात. खोली गिरणीची. आणि गिरणीच्या मॅनेजरला ती पाहिजे होती सुताचे गठ्ठे ठेवायला! तो म्हणाला, संस्थेची श्रेणी मिळाली तर राहू देतो, निदान ब तरी पाहिजे. नाही मिळाली तर खोली खाली करा. म्हणजे बनुबाई काही हौसेनं आली नव्हती योजनेत. खोली गेली असती तर ती सगळी पोरं परत घरी, चार-पाच वर्षांच्या बहिणींच्या कडेवर. एवढं होतं पणाला. गठ्ठे की पोरं!

मी पहिल्यांदा गेले ती भर दुपार. आत पोरांचा हा कालवा! एक रडतंय म्हणून दुसरं रडतंय, दुसरं रडतंय म्हणून तिसरं. बनुबाई एकाला मांडीवर, एकाला खांद्यावर, पायानं तिसऱ्याचा पाळणा. आणि मी बघते तर काय, पार कोपऱ्यातला एक पाळणा आपला संथ हलतोय. मागं-पुढं, मागं-पुढं. जवळ कुणी नाही. दोरी नुसती लोंबतेय. वारा म्हणाल तर वैशाख, झाडाचं पान हलत नव्हतं.

मी म्हटलं, अरे वा, किती गुणी बाळ, एवढ्या गोंधळात झोपलंय! गेले कौतुकानं. दुपट्यात गुंडाळलेलं, डोक्याला टोपडं, तोंड भिंतीकडं. हात लावला. गरम. म्हणजे अंग गरम असतं ना झोपलेल्या पोराचं, किंचित घामेजलेलं, तसं. मी टोपडं जरासं सरकवलं...

वरवंटा!

हसू नका. पाट्याचा वरवंटा, काळा कुळकुळीत, मोठा. तुम्ही बारशाला गेला असाल, तर ठाऊक असेल, बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" करत खालनं वरनं फिरवतात. आमच्याकडं नाही हे, आमच्याकडं वंदना होते आणि नाव ठेवतात, पण शेजारपाजारच्या बारशांना मी काय कमी घुगऱ्या खाल्ल्यात? पण तो वरवंटा बारशापुरता असतो! मग जातो परत चटणीवर. हा इथं मुक्कामाला होता.

मी बनुबाईकडं बघितलं. तिनं सगळी पोरं सोडली आणि आली, माझ्या हातातनं टोपडं घेतलं, नीट बसवलं.

"रिकामा पाळणा हलवू न्हाई ताई," ती म्हणाली. "माजा ज्ञानू हाय त्यो."

मग सांगितलं तिनं. तरुण होती तेव्हा तीही कांड्या भरायची. पोराला घरी पाळण्यात ठेवून यायची, थोरली लेक बघायची, तिचंच वय ते काय. एक दिवस पोराला ताप होता. पाळी सोडता आली नाही. आली तेव्हा थोरली दोरी ओढतच होती, "आई, लई वेळ झोपलाय गं." झालं. तेव्हापासनं बनुबाईनं गिरणीतलं काम सोडलं आणि दुसऱ्यांची पोरं सांभाळायला लागली. तोच पाळणा आणून इथं टांगला. आणि रिकामा राहू नये म्हणून...

मला रडायला आलं. सरळ सांगते, आलं. पण मी नोकरीवर होते ना! मी म्हटलं, "बनुबाई, तपासणीत हे चालणार नाही. पाळण्यात दगड सापडला तर ड मिळेल. हा पाळणा काढा काही दिवस."

"खोली गेली तर समद्यांची पोरं जात्यात. पाळणा काढला तर माजं जातंय. तुमीच सांगा, कुणाचं जाऊ दे?"

"मग नुसता वरवंटा तरी काढा!"

"आणि रिकामा ठिवू?"

रिकाम्या पाळण्याला पण गुण कापले जात होते हो! तसं लिहूनच दिलं होतं, वापरात नसलेला पाळणा म्हणजे वाया गेलेली जागा. म्हणजे दगड ठेवला तरी मेलो, नाही ठेवला तरी मेलो. मी लुनावर बसले आणि सांगलीपर्यंत स्वतःशी बडबडत आले. पाळणा का हलत होता? पत्र्याखाली हवा तापते, वर चढते, त्यानं हलला असेल. वरवंटा गरम का होता? तो पण तापला असेल. कोपरा सावलीत होता, खाली ओल होती, हे माझ्या ध्यानात होतं, पण मी ते ध्यानात घेतलं नाही. मी भूत मानत नाही!

आणि तपासणीला आले जयराजसाहेब! पुण्याचे, कोवळे, लग्न व्हायचं होतं, मूल हा प्रकार फक्त पुस्तकात बघितलेला. पण मेहनती फार. आल्या आल्या प्रत्येक पाळण्याची कडी हलवून बघतायत, नखं बघतायत, पाण्याचं झाकण वर-खाली करतायत. बनुबाईला विचारतात, "मुलांना भावनिक सुरक्षितता मिळते का?" बनुबाई म्हणते, "मिळती की. दाराला कुलूप हाय."

पोरांनी परका माणूस बघून असा गळा काढला म्हणता! आणि साहेब एकेक पाळणा करत करत कोपऱ्याकडं निघाले.  मी म्हटलं, "सर, चहा?" म्हणाले, "हा एक राहिलाय." आणि हात पुढं केला पाळणा हलवायला.

"हळू!" बनुबाई म्हणाली. "झोपलाय."

आणि साहेब चक्क चवड्यावर आले! बोट ओठावर. मला खुणावतायत, गप्प, गप्प. कुजबुजत विचारलं, "नाव?"

"ज्ञानू."

"वय?"

"सात म्हैन्याचा."

"तोंड बघू जरा?"

"नगा सायेब. झोपलेल्या लेकराचं तोंड परक्यानं बघू न्हाई. दिष्ट लागती."

आता कुणीही म्हणालं असतं, बाई, मी तपासायला आलोय. पण साहेबांना प्रशिक्षणात शिकवलं होतं, स्थानिक रीतींचा मान ठेवा! लगेच मान हलवली. "बरोबर आहे, बरोबर आहे." आणि मला बाजूला घेऊन म्हणतात, "बघा दीपमालाबाई, एवढ्या आवाजात हे मूल शांत झोपतं. याला म्हणतात विश्वास!"  मी म्हटलं, "होय सर, अगदी भक्कम आहे."

तेवढ्यावर भागलं असतं तर! पण एका मुलाचं वजन करून बघायचं होतं. बाकीची हाताला लागेनात, एक तर साहेबांना चावलं. म्हणाले, "हा शांत आहे, याचंच करू." आणि मी काही बोलायच्या आत उचलला! झोळीत घातला, काटा टांगला, आणि चेहरा असा फुलला साहेबांचा! "सुदृढ! अहो, वयाच्या मानानं उत्तम! काय खायला घालता?" बनुबाई म्हणाली, "काय न्हाई सायेब. दूध म्होरं ठिवती, वास घेतंय नुसतं." साहेब हसले. मी पण हसले. कसं हसले ते माझं मला माहीत.

आणि मग ठेवताना त्यांनी उलटा हात लावला दुपट्याला. "अंग जरा गरम वाटतंय. ताप आहे का?"

बनुबाईचा चेहरा असा उतरला, असा उतरला की काय सांगू. पटकन पुढं झाली, स्वतः हात लावला. "न्हाई... न्हाई सायेब. आता न्हाई ताप." आणि तेवढ्यात त्या दुपट्यातनं एक उचकी आली.

हो. उचकी. दूध पिऊन झाल्यावर लहान मूल देतं तशी, बारीक. मी ऐकली. साहेबांनीही ऐकली, कारण ते म्हणाले, "चमच्यानं पाणी पाजा," आणि पुढच्या मुद्द्याकडं वळले. पोरं सगळी एकदम गप्प झाली होती. खोलीत नुसता कडीचा आवाज, कुर्र... कुर्र...

दुसऱ्या कुठल्या पोराची असेल उचकी. खोलीत पोरंच पोरं होती, नाही का? मी भूत मानत नाही.

मिळाली अ श्रेणी! दोन जिल्ह्यांत पहिली! गठ्ठे राहिले बाहेर, पोरं राहिली आत. मॅनेजरनं पेढे वाटले, जसा काही तोच पाळण्यात झोपला होता. आणि पुण्याहून हुकूम आला, बाकीच्या पाळणाघरांच्या बायकांना माधवनगरला नेऊन दाखवा, म्हणजे त्यांनाही भाग घ्यावासा वाटेल.

नेल्या. मुक्ताबाई, आणखी कुठकुठल्या, एसटी भरून. मी त्यांना दाखवतेय, हे बघा पाण्याचं झाकण, हे बघा तक्ते, ही खेळणी. कुणाचं लक्षच नाही! सगळ्या कोपऱ्यात. साहेबांना कळलं नाही ते या बायकांना उंबऱ्यातनंच कळलं. एकीनंही टोपडं वर केलं नाही. एकेक जण जाऊन दोरीला हात लावून, एक झोका देऊन परत आली, आपापली.

परतीला एसटीत कुणी बोलेना. एरवी ह्या बायका म्हणजे कंडक्टरला तिकीट फाडू देत नाहीत एवढा दंगा. पार कऱ्हाड मागं पडलं, आणि मुक्ताबाई खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "ताई, आमीबी येतो तुमच्या योजनंत."

म्हटलं, "अचानक?"

"माजा बाळासो पंधरवड्याचा असताना गेल्याला. घरात कुणी नाव काढू देत न्हाईत. म्हंत्यात, झालं-गेलं इसर. तुमच्यात निदान कुणी इचारतंय तरी, नाव काय, वय काय. जेवला का, झोपला का."

मग काय विचारता! विस्तार सुरू झाला हो! पत्र नाही, फेरी नाही, मला कुठं लुना ढकलावी लागली नाही. पाळणाघरामागून पाळणाघर येऊन सांगतंय, आम्हाला घ्या, आमची तपासणी करा. आणि जाईन तिथं कोपऱ्यात एक पाळणा, त्यात एक शांत मूल. कुणाचा बाळासो, कुणाची सोनी, कुणाचा नुसताच बाळ्या. आयांच्या आया येतात, म्हाताऱ्या झालेल्या, नातवाला सोडायचं निमित्त आणि कोपऱ्यात जाऊन दोरी ओढतात. पुण्याला साहेब मंडळी खूश! बैठकीत म्हणाले, सातारा-सांगलीकडची मुलं फार समजूतदार आहेत, रडत म्हणून नाहीत, काय कारण असावं? मी म्हटलं, हवा.

आणि मी? मी दिवसभर हिंडायची आणि घरी येऊन भाकरी थापताना कानात कुर्र... कुर्र... आमच्या घरात पाळणा नाही. नाही म्हणजे, होता. आणला होता. माझ्या पहिल्या बाळंतपणाला यांनी हौसेनं मिरजेहून आणला. मुलगी झाली, आणि ती रडलीच नाही. डॉक्टर म्हणाले, पोटातच गेली होती. यांनी मला समजावून सांगितलं, फळ्यावर शिकवतात तसं, हृदय, फुप्फुस, रक्तपुरवठा. सगळं खरं होतं, आणि मी मान डोलावली. पाळणा कुणाला तरी देऊन टाकला. तिला नाव ठेवलं नव्हतं. जिला नाव नाही तिची आठवण तरी कुणापाशी काढायची? मग आम्ही दोघं तो विषयच काढत नव्हतो. बोलायला जगात दुसरे विषय काय कमी आहेत? हे अंधश्रद्धेवर बोलायचे, मी श्रेणीवर.

राहता राहिली आटपाडी. तिथं तानुबाई म्हणून एक, नवीन पाळणाघर. मी गेले, बघते तर कोपऱ्यात पाळणा, पाळण्यात दुपटं, सगळं यथासांग. मी सवयीनं विचारलं, "नाव काय ह्याचं?"

तानुबाई ओशाळली. "नाव न्हाई ताई. बाकीच्यांनी केलं म्हणून आमीबी केलं. पन आमच्यात समद्यांची लेकरं जगली बगा, किरपा. कुणाचं नाव ठिवावं कळंना. आणि बिननावाचं ठिवू न्हाई म्हंत्यात, रडतंय."

"रडतंय?"

"दुपारचं. बारीक. तुमी ठिवा की एकादं नाव. तुमी शिकल्याल्या."

मी बघितलं त्याच्याकडं. पाळणा स्थिर होता. मला म्हणायचं होतं, तानुबाई, हे सगळं खूळ आहे, वरवंटा आहे तो, उचला आणि चटणी वाटा. तोंड उघडलं. आणि तोंडातनं आलं, "क्रांती."

मुलगी झाली तर ठेवायचं म्हणून यांनी ठरवलेलं नाव. सहाव्या महिन्यात, पोटाला कान लावून. त्यानंतर घरात कुणी उच्चारलं नव्हतं, मी पण नाही, मनातसुद्धा नाही. आणि ते म्हटल्याबरोबर पाळणा हलला. एकदा पुढं, एकदा मागं. मी हात लावला. ऊब लागली हो हाताला...

तर तेव्हापासनं दर शनिवारी मी आटपाडीला जाते. तपासणी! वारंवार तपासणी केल्याशिवाय दर्जा कसा राहणार? तानुबाई सगळ्या पोरांना दम देते, "ए, गप बसा की रं, क्रांती झोपलीया!" आता हे वाक्य आमच्या ह्यांनी ऐकलं तर? चळवळीतला माणूस!

आणि ऐकलंच की! परवा म्हणाले, "सगळी पाळणाघरं आली ना योजनेत? मग दर शनिवारी आटपाडीला काय असतं?" मी म्हटलं, "विस्तार." म्हणाले, "मी येतो बघायला." मी म्हटलं, "तुमचं भाषण आहे." म्हणाले, "पुढं ढकललं."

एसटीत सगळा रस्ता मी मनात उत्तरं जुळवत होते. आता हे बघणार, आता टोपडं काढणार, आता सगळ्या बायकांना गोळा करून विज्ञान सांगणार, तेही माईकशिवाय! गेलो. पोरं दंगा करत होती. तानुबाईनं नेहमीसारखा दम दिला, "गप बसा, क्रांती झोपलीया!"

हे जागच्या जागी थांबले. मी खाली बघितलं. म्हटलं, आता सुरू होणार.

कोपऱ्यात गेले. वाकले. टोपड्याला हात नाही लावला, दुपट्यावर ठेवला, पूर्ण तळवा.  मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "दगडाची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता जास्त असते." म्हटलं, "हो." म्हणाले, "त्यामुळं असं वाटतं." म्हटलं, "हो." आणि तुम्हाला सांगते, हा माणूस, ज्याचं भाषण शेजारच्या गावाला ऐकू जातं, हा कुजबुजत होता! मी विचारलं, "हळू का बोलताय?"

म्हणाले, "उठेल ना ती."

झालं! संपलं! आता मला सांगा, काय करायचं ह्याचं? दोघांचंही सांगून ठेवते, आम्ही भूत मानत नाही. पण दर शनिवारी हे माझ्या आधी स्टँडवर. पिशवीत तेलाची बाटली, कडी कुरकुरते म्हणून. भाग घेणाऱ्यांची संख्या एकानं वाढली आणि पुण्याला कळवायची सोय नाही! विस्तार, विस्तार म्हणून माझा जीव खाल्ला, आता झाला विस्तार, तर ऑफिस एसटीचं भाडं एकाचंच देतंय!